१:५० म्हणजे नेमके किती लहान?

वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावात राहणाऱ्यांना जेसीबी काही नवा नाही. शेततळे खणायचे असो की नाला खोल करायचा असो, पिवळे यंत्र हजर! त्याचे खरे नाव बॅकहो लोडर. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराने १९४५ साली आपला उद्योग सुरू केला. त्याच्या नावाची ही तीन आद्याक्षरे. आपल्याकडे मात्र यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, लोक त्याला जेसीबीच म्हणतात.

समजा, विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्हांला शेततळ्याचा देखावा करायचा आहे. तुमच्याजवळ धातूचा छोटा जेसीबी आहे, मित्राने आपला टिप्पर दिला. दोन्ही शेजारी ठेवले, तर टिप्पर उगाच खुजा दिसतो. खोकी पाहा. जेसीबीच्या खोक्यावर १:५० छापले आहे, टिप्परच्या खोक्यावर १:६४.

१:५० म्हणजे प्रतिकृतीतला १ सेंटिमीटर हा खऱ्या यंत्रातल्या ५० सेंटिमीटरांबरोबर. म्हणून आकडा जितका मोठा, तितकी प्रतिकृती लहान. येथेच पुष्कळांची गफलत होते. १७० सेंटिमीटर उंचीचा चालक १:५० मध्ये ३४ मिलिमीटरांचा होईल आणि १:६४ मध्ये साडेसव्वीस मिलिमीटरांचा. पहिल्याला दुसऱ्याच्या गाडीत बसवायचे तर बिचाऱ्याला वाकूनच बसावे लागेल!

हे आकडे असे विचित्र का? छोट्या मोटारींचे १:४३ हे प्रमाण खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आले. तेथे १ फुटाला ७ मिलिमीटर धरीत. १ फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्याला ७ ने भागून पाहा. याउलट १९५३ साली निघालेल्या 'मॅचबॉक्स' मालेत गाडी ठराविक खोक्यात मावली पाहिजे, एवढाच दंडक होता. त्यामुळे रोडरोलर एका प्रमाणात, तर बस भलत्याच. बांधकामाच्या यंत्रांच्या चांगल्या प्रतिकृती मात्र बहुधा १:५० च्याच असतात.

खोके हरवले असेल तर? तरीही प्रमाण काढता येते. खरे यंत्र बंद उभे असताना चालककाकांना विचारून जवळ जा आणि मागच्या टायरवरचे आकडे वाचा. तेथे बहुधा १६.९-२८ असे काही असेल. शेवटचा आकडा हा टायर ज्या लोखंडी रिमवर बसतो, तिचा इंचांतील व्यास. २८ इंच म्हणजे ७११ मिलिमीटर. आता प्रतिकृतीतली रिम पट्टीने मोजा. ती १४ मिलिमीटर भरली, तर ७११ भागिले १४, म्हणजे सुमारे ५१. ट्रकच्या टायरवर पुष्कळदा शेवटी २० असते, म्हणजे ५०८ मिलिमीटर. खेळण्यात ८ मिलिमीटर भरले, तर प्रमाण सुमारे १:६४. पण नुसत्या चाकावर विसंबू नका. स्वस्त खेळण्यांत एकच चाक सगळ्या गाड्यांना लावून मोकळे होतात! म्हणून पुढच्या व मागच्या चाकांतले अंतरही दोन्हीकडे मोजा. दोन उत्तरे जुळली, तरच प्रमाण खरे माना.

आता देखाव्याकडे वळू. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. तिच्यातले सर्वांत मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. १:५० मध्ये ते ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ६ सेंटिमीटर खोल होईल. एका पुठ्ठ्यावर सहज मावेल.

पण लांबी ५० पटींनी घटली, की आकारमान ५० × ५० × ५०, म्हणजे १,२५,००० पटींनी घटते. जेसीबीच्या पुढच्या बादलीत सुमारे १ घनमीटर माती मावते. प्रतिकृतीत ती फक्त ८ घन सेंटिमीटर. १४ घनमीटर मातीचा टिप्पर ११२ घन सेंटिमीटरांचा होतो. दोन्ही एकाच प्रमाणात घटले, म्हणून खऱ्याप्रमाणेच १४ बादल्यांत टिप्पर भरतो. तुमच्या मित्राचा टिप्पर मात्र १:६४ चा. ६४ चा घन २,६२,१४४. त्यात जेमतेम ५३ घन सेंटिमीटर माती मावणार, सातवी बादली सांडू लागणार. दिसायला थोडासा लहान, पण माती निम्म्याहूनही कमी! तळ्यातून किती फेऱ्या माती निघाली, असे परीक्षकांनी विचारले तर तुमचे उत्तर दुपटीहून अधिक येईल.

आणखी एक गंमत. खरा जेसीबी सुमारे साडेसात टनांचा. ७५ लाख ग्रॅमांना १,२५,००० ने भागले की ६० ग्रॅम येतात. वाण्याच्या काट्यावर प्रतिकृती ठेवून पाहा, ती त्याहून पुष्कळ जड भरेल. खरे यंत्र पोलादी, प्रतिकृती जस्ताच्या मिश्रधातूची, आणि हा मिश्रधातू तर पोलादापेक्षा हलका! मग असे का? खऱ्या यंत्राचा ५ मिलिमीटरांचा पत्रा १:५० मध्ये ०.१ मिलिमीटरचा व्हायला हवा. साच्यात वितळलेला धातू इतक्या अरुंद फटीतून नीट वाहत नाही, मध्येच थिजतो. म्हणून भिंत मिलिमीटरभर जाड ठेवावी लागते. बाहेरची मापे प्रमाणात बसतात, जाडी बसत नाही.