फाटक शेवटी लागते

औशाहून लातूर वीसेक किलोमीटर. दहावी झाली की तालुक्यातली अभ्यासू पोरे तिथल्या ट्यूशन एरियात खोली घेतात, ‘लातूर पॅटर्न’मध्ये दोन वर्षे घासतात, नीट देतात, आणि त्यातल्या पुष्कळांची सरकारी जागा थोडक्या गुणांनी हुकते. निकाल लागला की पालकांचे फोन वाजू लागतात: रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, उझबेकिस्तान. प्रवेश नक्की, डोनेशन नाही, कॉलेज एनएमसी-मान्य, अशी तीन आश्वासने एका दमात दिली जातात. पहिली दोन बहुतेक वेळा खरी निघतात. तिसरे तसे नसते, आणि सगळा घोळ त्याच्याभोवती आहे. आपल्याकडे डॉक्टरकीचे फाटक सुरुवातीलाच लागते. नीटमध्ये चांगले गुण पडले आणि आत शिरलो की पुढची वाट बऱ्यापैकी सरळ असते. परदेशी एमबीबीएसमध्ये तेच फाटक उचलून शेवटाला नेलेले आहे. त्यामुळे प्रवेश सहज मिळाला, यावरून कॉलेजबद्दल किंवा पोराच्या भवितव्याबद्दल काहीच कळत नाही.

‘एनएमसी-मान्य कॉलेज’ हा शब्दच फसवा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग (एनएमसी) परदेशी कॉलेजांची मान्य यादी काढत नाही. आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी नियम केले, ते विद्यार्थ्याने पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमाबद्दलचे आहेत. शिक्षण किमान ५४ महिन्यांचे हवे. त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. माध्यम इंग्रजी हवे आणि सगळा अभ्यासक्रम एकाच संस्थेत झालेला हवा. भारतात परतल्यावर आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि हे सारे प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत. ‘तिकडची इंटर्नशिप टाळा, इथे येऊन करा’ असे सांगणारा एजंट त्यामुळे निम्मीच गोष्ट सांगतो. इंटर्नशिप दोन्हीकडे करावी लागते. ‘डब्ल्यूएचओ-मान्य’ हा शिक्का तर आणखी पोकळ, कारण जागतिक आरोग्य संघटना वैद्यकीय कॉलेजांना मान्यता देतच नाही. माहितीपत्रकात वैद्यकीय कॉलेजांच्या ज्या जागतिक निर्देशिकेचा दाखला असतो, तीसुद्धा नोंद म्हणजे मान्यता नव्हे, असे स्वतःच सांगते.

नियमांतली सर्वांत कमी वाचली जाणारी अट परवान्याची आहे. ज्या देशात शिकलो, तिथल्या नागरिकाला ती पदवी घेऊन वैद्यकीय व्यवसाय करता येतो, त्याच तोडीचा परवाना आपल्या विद्यार्थ्यालाही मिळायला हवा. काही संस्था फक्त परदेशी पोरांसाठीच उघडलेल्या असतात आणि स्थानिक मुले तिथे फिरकतही नाहीत. तिथे हा प्रश्न आधी विचारायचा. मुदतीच्या अटीबाबत फिलिपिन्सचे उदाहरण बोलके आहे. तिथे आधी बी.एस. ही वेगळी पदवी आणि मग चार वर्षांचे एम.डी. असा क्रम. चार वर्षे म्हणजे ४८ महिने, ५४ नव्हेत, आणि बी.एस. हा एमबीबीएसचा भाग धरता येत नाही, हे आयोगाने स्पष्ट केले. कॉलेजची इमारत किंवा शिक्षक यांत काही खोट होती म्हणून हे घडले नाही. अभ्यासक्रमाचा साचाच आपल्या नियमात बसत नव्हता. हे गणित प्रवेशाआधी कागदावर पाच मिनिटांत सुटले असते. जाता जाता, ‘एम.डी.’ या अक्षरांबद्दल. रशिया किंवा जॉर्जियातली ही पदवी आपल्या एमबीबीएसच्या तोलाची असते. पाटीवर ती पाहून पदव्युत्तर तज्ज्ञ समजण्याचे कारण नाही.

आता त्या फाटकाकडे. परदेशी पदवी घेऊन आलेल्याला एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते. ती २००२ पासून वर्षातून दोनदा होते. ३०० बहुपर्यायी प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५० गुण, चुकीच्या उत्तराला वजावट नाही. जून २०२३ मध्ये सुमारे १० टक्के उमेदवार उत्तीर्ण झाले, डिसेंबर २०२४ मध्ये २९ टक्क्यांच्या आसपास. चीनबाबत बीजिंगमधल्या भारतीय दूतावासानेच २०२२ मध्ये आकडा दिला होता: २०१५ ते २०२१ या काळात ४०,४१७ जणांनी परीक्षा दिली, ६,३८७ उत्तीर्ण झाले. यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की परीक्षा मुद्दाम अवघड ठेवली आहे. पण अर्धे गुण मिळवायचे, वजावट नाही आणि अभ्यासक्रम एमबीबीएसचाच, हे पाहता तो फार टिकत नाही. दुसऱ्यात मात्र तथ्य आहे. नापास झालेला उमेदवार पुन्हा पुन्हा बसतो आणि दर वेळी नव्याने मोजला जातो, म्हणून एका खेपेची टक्केवारी ही अखेरीस डॉक्टर होणाऱ्यांची टक्केवारी नसते. अखेरची टक्केवारी त्याहून जास्त असते. तरी जास्त म्हणजे किती, हे कॉलेजागणिक बदलते. आणि इथेच एक फुकटची, सरकारी, एजंटाच्या हातात नसलेली माहिती मिळते. परीक्षा घेणारे राष्ट्रीय मंडळ कॉलेजनिहाय निकाल प्रसिद्ध करते: कुठल्या कॉलेजचे किती बसले, किती उत्तीर्ण झाले. देश चांगला की वाईट या वादापेक्षा हा तक्ता उपयोगाचा, कारण एकाच देशातली दोन कॉलेजे त्यात फार लांब पडलेली दिसतात. मात्र ज्या कॉलेजचे चार-पाचच विद्यार्थी बसले, त्याच्या शंभर टक्क्यांना भुलू नये. तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र पाहावेत.

निकाल असा का लागतो, याचे मोठे कारण भाषा. वर्ग इंग्रजीत झाला तरी खाटेवरचा रुग्ण किर्गिझ, रशियन किंवा चिनीच बोलणार. त्याची भाषा येत नसेल तर तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी डॉक्टरांच्या मागे नुसता उभा राहतो. तपासायला शिकण्याऐवजी बघायला शिकतो. चीनने इंग्रजीतून क्लिनिकल मेडिसिन शिकवायला ४५ विद्यापीठे ठरवून दिली होती, आणि दूतावासाने त्यांच्या बाहेर जाऊ नका असे बजावले होते. म्हणून ‘इंग्रजी माध्यम’ एवढे ऐकून थांबू नये. वॉर्डात कोणती भाषा चालते आणि ती कोण, कधी, किती तास शिकवते, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे.

‘खासगी कॉलेजची फी आम्हाला परवडत नाही, मग दुसरा मार्ग कुठला?’ हा प्रश्न रास्त आहे आणि तो टोलवता येणार नाही. सोयाबीनच्या भावावर घर चालवणाऱ्याला कोटीच्या घरातली फी म्हणजे थट्टाच. पण परदेश स्वस्त आहे, हे गृहीतकही तपासायला हवे. वर्षाची फी ४,००० डॉलर धरू. डॉलर ७० रुपयांना होता तेव्हा २ लाख ८० हजार, ८६ रुपयांना झाला तेव्हा ३ लाख ४४ हजार. फी एका डॉलरनेही न वाढता हा फरक पडला. त्यावर वसतिगृह, तिकिटे आणि परतल्यावर एफएमजीईच्या क्लासची फी. दुसरीकडे इथली दारे पूर्वीइतकी बंद राहिलेली नाहीत. मराठवाड्याच्या मुलांना खुपणारा ७०:३० हा प्रादेशिक कोटा राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केला, आणि धाराशिवचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. थोडक्यात हुकलेल्याने एक वर्ष रिपीट करणे हे सहा वर्षे आणि एका अनिश्चित परीक्षेपेक्षा स्वस्त पडू शकते. नीटमध्ये गुण फार खाली गेलेल्याचे काय? २०२५ मध्ये सर्वसाधारण गटाला ७२० पैकी १४४ गुणांवर पात्रता मिळाली, आणि कायद्याने परदेशी जायला तेवढे पुरते. पण १४४ गुणांचा पाया घेऊन गेलेल्याला शेवटच्या फाटकाशी तोच पाया दाखवावा लागतो. मधल्या सहा वर्षांत तो कोण भरून काढणार, हे कुठल्याही माहितीपत्रकात नसते.

युक्रेनचे उदाहरण देऊन परदेशच नको म्हणणारेही आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले आणि हजारो भारतीय विद्यार्थी शिक्षण अर्धवट टाकून परतले. पण युद्धाचा अंदाज पालकाने बांधावा, ही अपेक्षा अवाजवी आहे. नियमांचा अंदाज मात्र बांधता येतो. सगळा अभ्यासक्रम एकाच संस्थेत, ही अट त्या मुलांना नडली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाला खास सवलत काढून दुसऱ्या देशांतल्या विद्यापीठांत शिकण्याची परवानगी द्यावी लागली. वर्षाच्या मध्यात ‘दुसऱ्या कॉलेजात बदली करून देऊ’ म्हणणाऱ्या एजंटाला ही सवलत लागू होत नाही.

कर्जाचा अर्ज भरण्याआधी कॅलेंडर मांडून पाहावे. साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात, आणि हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षाने सुरू होतात. २०२५ च्या पावसाळ्यानंतर गेलेला मुलगा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आटोपून २०३१ च्या मध्याला परतेल. डिसेंबरची एफएमजीई पहिल्याच झटक्यात निघाली, तर २०३२ भर इथली इंटर्नशिप, आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची कायम नोंदणी २०३३ मध्ये. बँकेचा पहिला हप्ता २०३२ च्या मध्यालाच येतो, म्हणजे विद्यावेतनाच्या काळात. परीक्षा दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला निघाली, तर तेवढेही हाती नसताना.