आमरींचा क्रमविकास आणि परागवाहक पतंग

मीरा-भाईंदर शहराच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. कोकणातील व सह्याद्रीतील अशा उतारांवर पावसाळ्यात जमिनीतील कंदांपासून हबेनारिया प्रजातीच्या आमरी, म्हणजेच ऑर्किड, उगवतात. त्यांपैकी हबेनारिया लाँजिकॉर्निक्युलाटा या जातीच्या नावाचा अर्थच 'लांब शिंगाची' असा आहे. तिच्या पांढऱ्या फुलामागे लोंबणारी मधुनलिका फुलापेक्षा कितीतरी लांब असते. एवढ्या लांबीचे प्रयोजन काय?

चार्ल्स डार्विन यांनी १८६२ मध्ये आमरींच्या परागणावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मादागास्करमधील एका आमरीची सुमारे २९ सें.मी. लांबीची मधुनलिका पाहून, तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग तेथे असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी मांडले. तसा पतंग १९०३ मध्ये शास्त्रीय नोंदीत आला.

आमरीचे पराग सुटे नसून चिकट बुडाच्या पुंजांत असतात. नलिका सोंडेहून आखूड असल्यास पतंगाचे डोके फुलाला न टेकताच त्याला मध मिळतो आणि परागपुंज त्याला चिकटत नाहीत. त्यामुळे लांब नलिकेच्या फुलांचे परागण अधिक होते व नैसर्गिक निवडीने लांबी वाढत जाते. स्वीडनमध्ये निल्सन यांनी प्लॅटँथेरा या आमरीच्या नलिका कृत्रिमरीत्या आखूड केल्या, तेव्हा परागपुंजांची ने-आण घटली. हे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. याच प्रजातीच्या एका जातीचे परागपुंज पतंगाच्या सोंडेवर, तर दुसरीचे डोळ्यांवर चिकटतात. असा भेद जाती परस्परांपासून वेगळ्या राखण्यास साहाय्यभूत ठरतो.

या परस्परसंबंधाला शहरी प्रकाशाची बाधा पोहोचू शकते. स्वित्झर्लंडमध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कृत्रिम प्रकाश असलेल्या कुरणांत फुलांना होणाऱ्या निशाचर कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी कमी आढळल्या. मीरा-भाईंदरप्रमाणे ज्या शहरांची वस्ती जंगलाला भिडली आहे, तेथे हा निष्कर्ष विशेष विचारार्ह आहे.

कंदामुळे आमरी दरवर्षी उगवते व फुलते. परंतु परागवाहक नाहीसा झाल्यास त्यावर अवलंबून असलेल्या जातींना फळे धरत नाहीत आणि नवी पिढी थांबते. म्हणून अशा जातींच्या संवर्धनात फुलांबरोबर फळांचीही गणना व्हावी आणि जंगलालगतचा अंधारही जपला जावा.