पुढचं गाणं आधीच ऐकू येतं

तुम्ही स्वतःच्या पैशांनी घेतलेली पहिली कॅसेट आठवून बघा. तिच्यातलं कुठलंही एक गाणं मनातल्या मनात शेवटपर्यंत म्हणा. शेवटचा सूर विरतो, वाद्यं थांबतात, दोन-तीन सेकंद काहीच नसतं. आणि त्या शांततेत, कुणी न सांगता, पुढच्या गाण्याची सुरुवात मनात वाजायला लागते. तीच बासरी, तोच ठेका, बहुधा पट्टीसुद्धा तीच. ते गाणं तुम्ही नंतर रेडिओवर, लग्नाच्या मांडवात, एसटीत कितीतरी वेळा ऐकलेलं असतं आणि तिथे त्याच्यामागून दरवेळी दुसरंच काही लागलेलं असतं. तरी मन चालतं ते त्या पहिल्या कॅसेटच्या क्रमाने.

माझी पहिली कॅसेट अरुण दाते यांच्या भावगीतांची. पाडगावकरांचे शब्द, खळे आणि यशवंत देव यांच्या चाली. घरात विकतची अशी ती एकच, त्यामुळे संध्याकाळी तीच लागायची, संपली की उलटून पुन्हा तीच. आजही त्यातलं एखादं गाणं कुठे कानावर पडलं, की ते संपत आल्यावर माझा श्वास पुढच्या गाण्याच्या पहिल्या शब्दासाठी तयार झालेला असतो. याचं कारण शोधत गेले तेव्हा दोन गोष्टी हाती लागल्या. एक त्या तपकिरी फितीत आहे आणि दुसरी आपल्या डोक्यात. दोन्हींचं नवल मला अजून ओसरलेलं नाही.

आधी फीत. ती चार मिलिमीटरहूनही थोडी अरुंद असते आणि साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये तिची लांबी ८५ मीटरच्या वर भरते. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप दिलेला असतो. खिडकीच्या गजावर चढणारा गंज आणि हा लेप एकाच जातकुळीतले. लेपातले कण सुईसारखे लांबट असतात, लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, आणि त्यातला प्रत्येक कण हा एक चुंबक असतो. गायकाचा आवाज मायक्रोफोनमधून विजेच्या प्रवाहात उतरतो. तो प्रवाह हेडमध्ये जातो. हेड म्हणजे एक छोटा विद्युतचुंबक, ज्याच्या तोंडाशी डोळ्यांना न दिसणारी एक फट ठेवलेली असते. त्या फटीसमोरून फीत सरकते आणि आवाज जसा चढतो-उतरतो, तशी कणांच्या चुंबकत्वाची दिशा बदलत जाते. कण जागचा हलत नाही. त्याचं उत्तर-दक्षिण तेवढं फिरतं आणि हेड दूर गेलं तरी तसंच राहतं.

ऐकताना हाच खेळ उलटा चालतो. चुंबकत्व भरलेली फीत हेडच्या फटीसमोरून सरकली, की हेडच्या तारेच्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. बदलत्या चुंबकक्षेत्रातून वीज निघते, हा मायकेल फॅरडे यांचा १८३१चा शोध. ती वीज मोठी करून स्पीकरला दिली की अरुण दाते गातात. मधे कुठेही शब्द नाही, अक्षर नाही, स्वरलिपी नाही. गंजाच्या कणांची दिशा आहे, बस.

आकडे बघितले की मती गुंग होते. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते. जगभर वाद्यं जुळवायला वापरतात तो सेकंदाला ४४० कंपनांचा सूर घ्या. त्याची एक लाट फितीवर मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग व्यापते. झांजेची किणकिण किंवा ‘स’ आणि ‘श’ म्हणताना निघणारी शीळ सेकंदाला दहा हजार कंपनांच्या घरात जाते आणि तिची लाट मिलिमीटरच्या हजार भागांपैकी पाचांत मावते. हेडवर धुळीचा किंवा फितीच्या भुकटीचा पातळ थर बसला, तर या बारीक लाटा सगळ्यांत आधी हरवतात. म्हणून मळलेल्या टेपरेकॉर्डरवर तबल्याचा डग्गा शाबूत राहायचा आणि गायिका मात्र तोंडावर पदर धरून गात असल्यासारखी वाटायची. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन हेड पुसलं की ‘श’ परत यायचा.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कॅसेटच्या खिडकीतून दोन चक्रं फिरताना दिसतात, त्यामुळे फीत तीच ओढत असतील असं वाटतं. पण तसं असतं तर गाण्याचा वेग सतत बदलत राहिला असता, कारण चक्रावरचा गुंडाळा जाड होत जातो तशी त्याच्या एका फेऱ्यात जास्त फीत ओढली जाते. खरा वेग ठरवतो तो हेडशेजारचा एक बारीक पोलादी दांडा, कॅपस्टन. रबरी चाक फितीला त्याच्यावर दाबून धरतं आणि दांडा एकाच गतीने फिरत राहतो. एक चक्र फक्त फीत सोडत जातं आणि दुसरं आलेली फीत गुंडाळतं. म्हणून गुंडाळणारं चक्र सुरुवातीला भरभर आणि शेवटाकडे सावकाश फिरतं, सोडणाऱ्याचं याच्या उलट, आणि गाणं मात्र एका लयीत चालतं.

चुंबकावर आवाज साठवायची कल्पना कॅसेटपेक्षा बरीच जुनी. डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेन यांनी १८९८ साली पोलादी तारेवर आवाज उतरवला. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या यंत्राने ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ योजेफ यांचे शब्द टिपले आणि ते आजही ऐकता येतात. तारेची फीत केली ती जर्मनीच्या फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी, १९२८ साली. सिगारेटच्या कागदावर सोनेरी रंगाची पट्टी चढवण्याचं तंत्र त्यांना अवगत होतं. तोच अनुभव वापरून त्यांनी कागदावर लोखंडाची पूड चिकटवली. पुढे ती फीत मोठमोठ्या रिळांवर गुंडाळली जाऊ लागली, रेडिओ केंद्रांत आणि स्टुडिओंत गेली. खिशात आणली ती लू ओटेन्स या डच अभियंत्याने. फिलिप्सच्या बेल्जियममधल्या हासेल्टच्या कारखान्यात काम करताना त्यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला आणि यंत्र याच मापाचं हवं असं ठरवलं. १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट जगापुढे आली. बोलणं टिपून घेण्याची सोय म्हणून ती आली होती, संगीत तिच्यात नंतर शिरलं. फिलिप्सने हे माप इतर कंपन्यांना विनामूल्य वापरू दिलं. त्या एका निर्णयामुळे कुठल्याही गावातली कॅसेट कुठल्याही गावातल्या टेपरेकॉर्डरमध्ये बसू लागली.

आपल्याकडे या निर्णयाचे परिणाम प्रचंड झाले, आणि मला वाटतं त्यांची नोंद अजून पुरेशी घेतली गेलेली नाही. ध्वनिमुद्रिकांच्या काळात तबकडी छापायला मोठा कारखाना लागायचा आणि देशातला हा धंदा बहुतांशी एकाच कंपनीच्या, एचएमव्हीच्या, हाती होता. कॅसेटची नक्कल काढायला एक खोली पुरे. १९८०च्या दशकात लहान कंपन्या गावोगाव उभ्या राहिल्या. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय गायकांबरोबर पु. ल. देशपांडे यांचं कथाकथन घराघरांत पोचवलं. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं यात्रांच्या दुकानांतून वाजू लागली. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर भीमगीतांच्या कॅसेटचे स्टॉल लागू लागले, आणि ज्यांच्या आवाजाला स्टुडिओचं दार क्वचितच उघडलं होतं, त्यांची गाणी वस्तीतल्या मुलाच्या पहिल्या खरेदीत जाऊन बसली. संगीताचे अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली उत्तर भारतातल्या या बदलावर ‘कॅसेट कल्चर’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. महाराष्ट्राच्या कॅसेटचं तसं पुस्तक मला वाचायचं आहे.

आता त्या शांततेकडे येते.

जुनी कॅसेट मोठ्या आवाजात लावून दोन गाण्यांमधल्या रिकाम्या जागेकडे कान दिलात, तर कधी कधी एक विलक्षण गोष्ट घडते. पुढचं गाणं सुरू होण्याच्या आधी, त्याची पहिली ओळ फार दुरून, पुसट ऐकू येते. मग खरं गाणं लागतं. लहानपणी मला हा भास वाटायचा. तो भास नव्हता. कॅसेटमध्ये फीत वेढ्यावर वेढा अशी गुंडाळलेली असते. वर्षानुवर्षं एकमेकांना टेकून राहिलेल्या या वेढ्यांमध्ये, एका वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर थोडंसं उमटतं. ध्वनिमुद्रक याला प्रिंट-थ्रू म्हणतात. गाण्याची छाप पुढच्या वेढ्यावर पडते तशी मागच्याही. एक छाप गाणं चालू असताना त्याच्याच आवाजात बुडून जाते. दुसरी मात्र गाण्याआधीच्या शांततेत पडलेली असते, म्हणून ती कानाला सापडते. आणि ती किती आधी ऐकू येणार, तर फितीचा एक वेढा उलगडायला लागतो तितकी आधी. चक्राच्या गाभ्याजवळ साधारण दीड सेकंद, बाहेरच्या भरलेल्या वेढ्यांवर तीन सेकंदांच्या आसपास. पातळ फितीत छाप जास्त उमटते, म्हणून नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये ही सावली साठवालीपेक्षा सहज सापडते.

म्हणजे पुढचं गाणं आधी ऐकू येणं ही गोष्ट खुद्द फितीवर लिहिली गेलेली असते.

आणि मेंदूही हेच करतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २००५ साली लोकांना ओळखीची आणि अनोळखी गाणी ऐकवली आणि मधूनमधून काही सेकंदांचा आवाज कापून टाकला. ऐकणाऱ्यांना कसलीही सूचना नव्हती. अनोळखी गाण्यातल्या पोकळीपेक्षा ओळखीच्या गाण्यातल्या पोकळीत मेंदूचा ऐकण्याशी संबंधित भाग जास्त जागा राहिला. लोकांनी नंतर सांगितलं, की गाणं आम्हाला चालूच वाटलं. २००९ साली वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात योझेफ राउशेकर आणि सहकाऱ्यांनी याच्यापुढचा प्रश्न विचारला, आणि तो थेट आपला प्रश्न आहे. लोकांना त्यांच्या आवडत्या, क्रमाने पुन्हा पुन्हा ऐकलेल्या सीडीतल्या गाण्याचा फक्त शेवट ऐकवला आणि मग शांतता ठेवली. त्या शांततेत मेंदूच्या पुढच्या भागात हालचाल दिसली, आणि तीही बरीचशी अशा जागी, जिथे हातापायांच्या हालचालींचा क्रम रचला जातो.

हा तपशील मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. गाण्यांचा क्रम आपण यादीसारखा पाठ करत नाही. तो अंगात बसतो. सतराचा पाढा मधूनच विचारला तर अडतो आणि सुरुवातीपासून म्हटला की घडाघडा येतो, तसंच हे. पहिल्या कॅसेटमधलं पाचवं गाणं कोणतं, असं विचारलं तर तुम्ही थबकाल. चौथ्याचा शेवट गुणगुणून द्या, पाचवं आपोआप येईल.

मग पहिलीच कॅसेट का? वयाचा भाग आहेच. साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाकडे उतारवयातही सर्वाधिक दाटीने राहतात, हे मानसशास्त्रात वारंवार दिसलं आहे, आणि गाण्यांच्या बाबतीतही तसंच आढळतं. पण माझ्या मते मोठं कारण यंत्रात आहे. कॅसेटमध्ये गाणं ओलांडून जाणं कष्टाचं होतं. बटण दाबून फीत पळवायची, अंदाजाने थांबवायची, चुकली की मागे न्यायची. त्यापेक्षा न आवडणारं गाणंही माणूस ऐकून घ्यायचा. दुसरी कॅसेट घ्यायला पैसे साठेपर्यंत तोच क्रम, तीच शांतता, तीच उलटायची जागा, आणि मेंदूला याहून चांगली तालीम कुणी दिली नसती. गायिका ॲडेल यांनी २०२१ साली आपला अल्बम आला तेव्हा स्पॉटिफायला गाणी आपोआप उलटसुलट लावण्याची सोय अल्बमच्या मुख्य बटणावरून काढायला लावली. त्यांना काय हवं होतं, ते कॅसेटवर वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या माळ्यावर ती पहिली कॅसेट अजून असेल, आणि तिच्याशेजारी आजीच्या ओव्या किंवा बाळाचे बोबडे बोल भरून घेतलेली एखादी कॅसेटही असेल, तर दोन्ही या वर्षी खाली काढा. फितीवरचा लेप धरून ठेवणारा चिकट पदार्थ दमट हवेत हळूहळू खराब होतो, आणि घरच्या आवाजाची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. आतल्या पत्र्याच्या पट्टीवरचा फेल्टचा छोटा तुकडा जागेवर आहे का बघा. फीत एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून सैल करा. टेपरेकॉर्डरचं हेड पुसा आणि मगच वाजवा. संगणकावर उतरवताना गाण्यांचे वेगवेगळे तुकडे पाडू नका. अख्खी बाजू एका सलग फाइलमध्ये घ्या, मधल्या शांततेसकट.