अंकीय दूरचित्रवाणी प्रवाहाचे संगणकाद्वारे ग्रहण व विश्लेषण : दोषाचे स्थान ठरविण्याची पद्धती

प्रस्तावना

ॲनालॉग दूरचित्रवाणीच्या काळात प्रक्षेपणातील दोष प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसत असे. संदेश क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत. उंच इमारतीवरून परावर्तन झाले की चित्रालगत त्याची फिकट सावली उमटत असे. गच्चीवर अँटेना फिरविणाऱ्याने 'आलं का?' असे विचारावे आणि खालून 'अजून थोडं' असे उत्तर यावे, हा अनुभव अनेकांच्या स्मरणात असेल. दोषाचे स्वरूप आणि त्याचे कारण यांत तेव्हा सरळ नाते होते.

अंकीय प्रसारणाने हे नाते तोडले. मुंबईसह चार महानगरांत केबलवरील ॲनालॉग प्रसारण बंद करण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ही ठरविण्यात आली होती, तर चौथ्या व अखेरच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली. आता चित्र एकतर स्वच्छ दिसते, नाहीतर त्याचे चौकोनी तुकडे होऊन ते गोठते. पाऊस, सैल झालेली जोडणी, प्रसारण केंद्रातील बिघाड किंवा ग्राहक यंत्रातील त्रुटी यांपैकी कारण कोणतेही असो, पडद्यावर दिसणारे लक्षण जवळजवळ एकच असते. साहजिकच प्रेक्षक केबलचालकाला दोष देतो, केबलचालक उपग्रहाला आणि तंत्रज्ञ पावसाला.

लक्षणावरून कारण ओळखता येत नसेल, तर लक्षणाच्या मागे असलेला प्रवाह तपासणे आवश्यक ठरते. हे काम एकेकाळी महागड्या मापनयंत्रांशिवाय होत नसे. आज एक ग्रहण-कार्ड आणि मुक्त सॉफ्टवेअर यांच्या साहाय्याने ते महाविद्यालयीन प्रयोगशाळेत करता येते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे विवेचन केले आहे. दोष मोजणे सोपे असून तो कोठे निर्माण झाला हे ठरविणे हेच खरे विश्लेषण होय, हे दाखविणे हा लेखाचा मुख्य उद्देश आहे.

प्रवाहाची रचना

भारतातील उपग्रह व केबल दूरचित्रवाणीचा अंकीय संदेश 'ट्रान्सपोर्ट स्ट्रीम' या रूपात वाहून नेला जातो. एमपेग-२ मानकाच्या प्रणालीविषयक भागात त्याची व्याख्या केलेली आहे. हा प्रवाह १८८ बाइटांच्या पॅकेटांचा बनलेला असतो. प्रत्येक पॅकेटाचा पहिला बाइट ठरलेला असतो. षोडशमान पद्धतीत तो ४७, म्हणजे दशमान पद्धतीत ७१ असतो. दर १८८ बाइटांनंतर हाच बाइट आढळू लागला की सॉफ्टवेअरला पॅकेटाची सीमा सापडते.

पॅकेटाचे पहिले चार बाइट म्हणजे त्याचा शीर्षभाग. त्यातील १३ बिटांच्या ओळखक्रमांकास पीआयडी म्हणतात. १३ बिटांमुळे ८१९२ वेगवेगळे क्रमांक उपलब्ध होतात. एकाच वारंवारतेवरून दहा-पंधरा वाहिन्या एकत्र येत असताना कोणते पॅकेट कोणत्या वाहिनीच्या चित्राचे वा ध्वनीचे आहे, हे या क्रमांकावरून कळते. शून्य क्रमांकाच्या पॅकेटांत कार्यक्रमांची मुख्य सारणी असते, तिला 'पॅट' असे नाव आहे. पॅट प्रत्येक वाहिनीच्या स्वतंत्र सारणीकडे, म्हणजे 'पीएमटी'कडे, निर्देश करते. आणि पीएमटीवरून त्या वाहिनीचे चित्र व ध्वनी यांचे पीआयडी समजतात. ग्रंथालयात आधी तालिका पाहून मग कपाट गाठावे, तसाच हा क्रम आहे. वाहिनीचे नाव १७ व्या आणि कार्यक्रमांचे वेळापत्रक १८ व्या क्रमांकाच्या पॅकेटांत आढळते. शेवटचा, म्हणजे ८१९१ हा क्रमांक रिकाम्या पॅकेटांसाठी राखलेला आहे. प्रवाहाचा वेग स्थिर राहावा म्हणून ती भरली जातात.

शीर्षभागातील आणखी दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे एका बिटाची दोषदर्शक खूण. उपग्रहावरून डीव्हीबी-एस पद्धतीने पाठविताना प्रत्येक पॅकेटास १६ जादा बाइट जोडले जातात आणि त्यांच्या आधारे रीड-सॉलोमन पद्धतीने जास्तीत जास्त ८ बाइटांची चूक दुरुस्त करता येते. चुका त्याहून अधिक झाल्या तर ग्राहक यंत्र ही खूण १ करते. दुसरी गोष्ट म्हणजे चार बिटांचा सातत्य-गणक. एकाच पीआयडीच्या आशय असलेल्या क्रमागत पॅकेटांत तो ० ते १५ असा एकेकाने वाढतो आणि पुन्हा शून्यावर येतो. मध्ये क्रम तुटला तर पॅकेट हरवले असे अनुमान करता येते. मात्र एकाच पीआयडीची नेमकी १६ पॅकेटे सलग हरवली, तर गणकाला त्याचा पत्ता लागत नाही, ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

ग्रहणाची सिद्धता

महाविद्यालयीन प्रयोगासाठी डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची घरोघर उपग्रह सेवा, अर्थात डीडी फ्री डिश, सोयीची आहे. तिला वर्गणी नाही आणि तिच्यावरील एमपेग-२ स्वरूपातील वाहिन्या कूटबद्ध न करता दिल्या जात आल्या आहेत. नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून ती प्रसारित होते. पुण्याहून पाहता हा उपग्रह आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर येतो. छत्रीच्या नाभीस्थानी बसविलेला एलएनबी हा भाग केयू पट्ट्यातील लहरी सुमारे ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात उतरवून तारेने खाली पाठवितो. संगणकातील किंवा यूएसबीने जोडलेले उपग्रह-ग्रहण कार्ड त्यातून ट्रान्सपोर्ट स्ट्रीम वेगळी काढते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या अनेक यूएसबी कांड्या युरोपातील डीव्हीबी-टी या भूस्थित पद्धतीसाठी बनविलेल्या असतात. दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत सुरू केलेली भूस्थित अंकीय सेवा डीव्हीबी-टी२ या निराळ्या पद्धतीची होती, आणि उपग्रहाची पद्धत तर त्याहूनही वेगळी. म्हणून खरेदीपूर्वी कार्ड डीव्हीबी-एस व एस२ या पद्धतींचे आहे याची खात्री करून घ्यावी.

लिनक्स प्रणालीत अशा कार्डांसाठी गाभ्यातच प्रमाणित व्यवस्था आहे. फ्रंटएंड, डीमक्स आणि डीव्हीआर अशा स्वतंत्र साधन-फाइलींमधून अनुक्रमे ग्रहणाची स्थिती, निवडक पीआयडी आणि संपूर्ण प्रवाह मिळू शकतो. विश्लेषणासाठी टीएसडक व डीव्हीबीस्नूप ही मुक्त सॉफ्टवेअरे उपयुक्त आहेत. व्हीएलसीसारखा वादक चित्र पाहण्यास चांगला असला तरी त्याच्यावर विसंबून मापन करू नये. हरवलेला भाग शेजारच्या चित्रांवरून भरून काढून चूक झाकण्याचा प्रयत्न करणे हे वादकाचे कामच आहे, आणि आपल्याला तर तीच चूक पाहावयाची असते.

प्रवाहाच्या आकारमानाची कल्पना एका उदाहरणावरून येईल. डीव्हीबी-एस पद्धतीत क्यूपीएसके मॉड्युलेशन, प्रतिसेकंद २.७५ कोटी चिन्हे आणि ३/४ हा दोषनिवारण दर धरल्यास निव्वळ वेग प्रतिसेकंद सुमारे ३.८ कोटी बिट, म्हणजे ३८ मेगाबिट इतका होतो. याचा अर्थ दर सेकंदाला सुमारे २५,२७० पॅकेटे संगणकात येतात आणि तासाभराच्या मुद्रणास सुमारे १७ गिगाबाइट जागा लागते. आधुनिक संगणकाला हा भार जड नाही. परंतु संगणक दुसऱ्या कामात क्षणभर गुंतला तरी शेकडो पॅकेटे निसटू शकतात. पुढील विवेचनाचा गाभा हाच आहे.

दोष कोठे निर्माण झाला?

नवशिक्या अभ्यासकाकडून होणारी सर्वांत सामान्य चूक म्हणजे सातत्य-गणकातील प्रत्येक खंड प्रसारणाच्या माथी मारणे. पॅकेट हरवले एवढेच गणक सांगतो. कोठे हरवले हे तो सांगत नाही. ते ठरविण्यासाठी किमान तीन पुरावे एकत्र वाचावे लागतात.

पहिला पुरावा दोषदर्शक खुणेचा. गणकात खंड पडत असताना दोषदर्शक खूण असलेली पॅकेटेही वाढत असतील, तर दोष बहुधा लहरींच्या मार्गात, म्हणजे पाऊस, छत्रीची दिशा, तार किंवा जोडणी यांत आहे. केयू पट्ट्यातील लहरी मुसळधार पावसात लक्षणीय क्षीण होत असल्याने कोकणातील वा घाटमाथ्यावरील महाविद्यालयांना पावसाळ्यात या प्रकारची भरपूर सामग्री मिळेल. मात्र काही कार्डे दोषयुक्त पॅकेटे संगणकाकडे पाठवतच नाहीत. अशा वेळी खूण कधीच दिसत नाही आणि निष्कर्ष चुकतो. म्हणून फ्रंटएंड देत असलेली दुरुस्त न होऊ शकलेल्या पॅकेटांची संख्याही सोबत नोंदविणे अत्यावश्यक आहे.

दुसरा पुरावा दोन स्वतंत्र ग्राहकांचा. खूण नाही, दुरुस्त न झालेली पॅकेटेही नाहीत, तरीही गणक तुटतो, अशा स्थितीत दोन शक्यता उरतात : पॅकेट उपग्रहाकडे जाण्यापूर्वीच प्रसारण केंद्रात हरवले, किंवा कार्डातून बाहेर पडल्यानंतर आपल्याच संगणकात हरवले. दोन संगणकांवर दोन कार्डांनी एकाच वेळी मुद्रण करून त्यांची तुलना केल्यास याचा निर्णय होतो. दोन्ही मुद्रणांत एकाच ठिकाणी खंड असेल तर दोष वरच्या टोकाचा. एकातच असेल तर तो आपल्या घरचा.

तिसरा पुरावा काळाचा. पॅट ही सारणी अर्ध्या सेकंदाच्या आत पुन्हा यावी, अशी कसोटी युरोपीय दूरसंचार मानक संस्थेच्या टीआर १०१ २९० या मापनविषयक दस्तऐवजात आहे. चित्र-ध्वनीचे घड्याळ जुळविणारी पीसीआर ही कालनोंद जास्तीत जास्त १०० मिलिसेकंदांच्या अंतराने यावी, असे एमपेग मानक सांगते. पॅकेट एकही हरवलेले नाही, पण या मर्यादा ओलांडल्या जात आहेत, असे आढळल्यास प्रसारण केंद्रातील मल्टिप्लेक्स यंत्रणेकडे बोट दाखविता येते. परंतु हे अंतर संगणकाच्या घड्याळाने मोजू नये. यूएसबीमार्गे पॅकेटे झुंडीने येतात, त्यामुळे त्यांच्या आगमनाची वेळ विश्वसनीय नसते. प्रवाहाचा वेग स्थिर असल्याने दोन कालनोंदींच्या मधली पॅकेटे मोजून काळ काढणे अधिक योग्य ठरते. प्रवाहच येथे घड्याळाचे काम करतो.

प्रयोगशाळेत करावयाचे प्रयोग

वरील भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्यासाठी दोष मुद्दाम निर्माण करणे हा उत्तम मार्ग आहे. एलएनबीच्या तोंडावर ओले फडके धरल्यास दुरुस्त न झालेल्या पॅकेटांची संख्या वाढू लागते. छत्रीला हात न लावता, मुद्रण चालू असलेल्या मंद तबकडीवर मोठ्या फाइलींची नक्कल सुरू केल्यास ती संख्या शून्य राहूनही गणक तुटण्याची शक्यता असते. पडद्यावर दोन्ही वेळा चौकोनच दिसतात. आकड्यांत मात्र दोन स्वतंत्र कारणे स्पष्ट होतात.

निसर्गही एक प्रयोग वर्षातून दोनदा घडवून आणतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या आरंभी महाराष्ट्रातून पाहता सूर्य काही दिवस रोज काही मिनिटे या उपग्रहाच्या नेमक्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ-गोंगाटात संदेश बुडतो. ही वेळ गणिताने आधी काढता येते. भाकीत केलेल्या वेळीच दोषांची संख्या वाढली, तर आपली मापनव्यवस्था विश्वासार्ह असल्याचे प्रमाण मिळते.

इतर विद्याशाखांनाही हा प्रवाह उपयोगी आहे. प्रत्येक पीआयडीच्या पॅकेटांची दर सेकंदाची संख्या ही संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी कालश्रेणीची अस्सल सामग्री होय. जेथे वाहिन्यांत बिटांची वाटणी गरजेनुसार केली जाते, तेथे वेगवान हालचालींचा क्रिकेटचा सामना स्थिर बसलेल्या वृत्तनिवेदकाहून अधिक बिट घेताना दिसतो. ध्वनीची भाषा नोंदविण्यासाठी पीएमटीत तीन अक्षरी संकेताची सोय असते. ती किती वाहिन्या काटेकोरपणे वापरतात, हा भाषा व जनसंज्ञापन यांच्या अभ्यासकांसाठी विचारणीय प्रश्न आहे.

मर्यादा व पथ्ये

सशुल्क वाहिन्यांचे कूट भेदणे हा या अभ्यासाचा भाग नाही, आणि त्याची गरजही नाही. प्रवाहाच्या पातळीवर कूटबद्ध केलेल्या पॅकेटांतही शीर्षभाग उघडा असतो; त्यामुळे वरील मापने आशयाला स्पर्श न करता करता येतात. मुद्रित कार्यक्रमांवर प्रताधिकार असतो, याचे भान ठेवून ती मुद्रणे प्रयोगशाळेबाहेर वितरित करू नयेत. शक्य तेथे केवळ शीर्षभाग व सारण्या जतन कराव्यात. त्याने जागेचीही बचत होते.

समारोप

संगणकाद्वारे अंकीय दूरचित्रवाणी प्रवाहाचे ग्रहण करणे हे आता कठीण राहिलेले नाही. मात्र सॉफ्टवेअरने दाखविलेला दोषांचा आकडा म्हणजे निष्कर्ष नव्हे. मापन करणारा संगणक हादेखील मापनसाखळीतील एक दुवा आहे आणि तोही चुकू शकतो. किंबहुना अननुभवी प्रयोगात तोच अधिक चुकतो. दुसऱ्यावर ठपका ठेवण्यापूर्वी आपले उपकरण तपासावे, ही वैज्ञानिक शिस्त विद्यार्थ्यांना केवळ उपदेशाने शिकविता येत नाही. गच्चीवरील एक छत्री आणि १८८ बाइटांचे पॅकेट यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्ष अनुभवास आणून देता येते, आणि म्हणूनच दूरसंचार, संगणकशास्त्र व भौतिकशास्त्र विभागांनी आपल्या प्रात्यक्षिकांत या प्रयोगाचा अवश्य विचार करावा.