पहाटे गारवा, दुपारी घाम : आपल्या किनाऱ्यासाठी हलका स्वेटर



आज आपण स्वेटर विणणार आहोत. कुणकेश्वरसारख्या समुद्रकाठच्या गावात स्वेटर कशाला, असं कुणी विचारेल. पण पौष-माघातली पहाट आठवा. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हाच मतलई वारा. अकराच्या सुमारास जमीन तापते, वारा उलटतो आणि खारा वारा सुरू होतो. तोवर अंगातून घाम निथळत असतो. "सकाळी हिव वाजता नि दुपारी घाम सुटता," असं आमच्याकडच्या बायका म्हणतात ते उगाच नाही.

या गारव्यात घरातलं सगळ्यांत आधी कोण उठतं? आपणच. पाणी तापवायचं, अंगण झाडायचं, मासळी घ्यायला किंवा कलमांच्या बागेत जायचं, आणि अंगावर काय, तर खांद्यावरून ओढून घेतलेला पदर. आपण टोपडी विणतो, नातवंडांचे स्वेटर विणतो, घरच्या पुरुषांसाठीही विणतो. स्वतःसाठी विणायचं मात्र राहून जातं. म्हणून आजचा स्वेटर तुमच्या स्वतःच्या मापाचा.

हा स्वेटर पुढून उघडणारा, बटणांचा घ्यायचा. त्याला कार्डिगन म्हणतात. हे नाव क्रिमियन युद्धात (१८५३-५६) लढलेल्या लॉर्ड कार्डिगन या ब्रिटिश सेनाधिकाऱ्यावरून पडलं. आपल्याला त्याचा उपयोग एवढाच, की केस न विस्कटता, पदर न सोडता तो चटकन काढता-घालता येतो. बंद गळ्याचा जाड स्वेटर उन्हं वर आली की नकोसा होतो, आणि एकदा ट्रंकेत गेला की तिथेच राहतो. पातळ थरांमध्ये हवा अडकून राहते आणि तीच ऊब धरते. म्हणून ब्लाउज, पदर आणि वर पातळ स्वेटर एवढं आपल्याकडे पुरतं. वारा जोराचा असला तर सैल विणीतून तो आत शिरतो. अशा वेळी, म्हणजे महाशिवरात्रीच्या यात्रेला रात्री रांगेत उभं राहताना किंवा मुंबईच्या रात्रीच्या गाडीत, वरून शाल घ्यावी.

आता दोरा. दुकानात स्वस्त मिळते ती बहुधा अ‍ॅक्रिलिकची लोकर. ती धुवायला सोपी आणि लवकर वाळते, पण घाम शोषत नाही. शिवाय ठिणगी पडली की ती वितळून कातडीला चिकटते. ज्यांची पहाट चुलीपुढे जाते त्यांनी ती टाळावी. सूतही पेट घेतं, पण वितळून चिकटत नाही. दोरा कोणताही असो, चुलीपाशी बसताना बाह्या वर सारा आणि टोकं लोंबती ठेवू नका. खरी लोकर चांगलीच, पण आपल्या दमट हवेत तिला कसरीपासून जपावं लागतं. म्हणून आम्ही चार पदरी सुती दोरा सुचवतो. ३५० ते ४०० ग्रॅम लागेल. एक लड जास्तच घ्या, कारण मागाहून तोच रंग मिळेल याचा भरवसा नसतो.

सुया ९ नंबरच्या आणि पट्ट्यांसाठी ११ नंबरच्या. आपल्याकडच्या या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते, हे नव्याने शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

स्वेटरला हात घालण्याआधी एक चौकोन विणायचा. ३० टाके घाला आणि एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा ४० ओळी विणा. मग तो धुवा, सपाट पसरून वाळवा आणि मधल्या भागात मोजा. ४ इंचांत २४ टाके आणि ३२ ओळी आल्या पाहिजेत. म्हणजे इंचाला ६ टाके, ८ ओळी. धुणं टाळू नका. सुती वीण पाण्यातून निघाली की तिचं माप बदलतं. टाके जास्त आले तर जाड सुई घ्या, कमी आले तर बारीक. तरीही जमलं नाही तर हिशेब सोपा आहे : जितके इंच हवेत, तितक्या इंचांना तुमच्या टाक्यांनी गुणा. २० इंच पाठ आणि इंचाला साडेपाच टाके, म्हणजे ११० टाके.

आता कागद-पेन्सिल घ्या. हे माप ३६ छातीसाठी आहे. पदरावरून घालायचा म्हणून घेर ४० इंच धरला आहे. उंची २२ इंच. याहून लांब नको, कारण सूत वजनाला जड असतं आणि स्वतःच्या भाराने खाली ओढलं जातं.

पाठ : ११ नंबरच्या सुईवर १२० टाके घाला. एक सुलट, एक उलट अशी २ इंच पट्टी विणा. मग ९ नंबरची सुई घेऊन एक ओळ सुलट, एक उलट. दर चौथ्या सुलट ओळीला जाळी पाडा : काठाचे एक-दोन टाके साधे, मग दोरा पुढे घेऊन दोन टाके एकत्र, असं ओळभर. टाक्यांची संख्या तीच राहते आणि वीण हवेशीर होते. २२ इंच झाले की सगळे टाके बंद करा. दोन्ही बाजूंचे ४०-४० टाके म्हणजे खांदे, मधले ४० म्हणजे गळा.

पुढचे दोन भाग : प्रत्येकी ५७ टाके. १३ इंचांपर्यंत पाठीसारखंच. पुढे गळ्याच्या बाजूला दर चौथ्या ओळीला एक टाका कमी करा, असं १७ वेळा. ४० टाके उरतील. २२ इंचांवर बंद करा. दुसरा भाग उलट्या बाजूने.

बाह्या : खांदे शिवून घ्या. खांद्याच्या शिवणीपासून दोन्हीकडे साडेआठ इंचांवर खूण करा. त्या काठावर दर चार ओळींमागे ३ टाके उचला. एकूण १०२ होतील. दर चौथ्या ओळीला दोन्ही टोकांचा एकेक टाका कमी करा, असं २१ वेळा. ६० टाके उरले की चार ओळी साध्या विणा आणि शेवटी एक इंच पट्टी. बाही पाऊण येते, पाण्यात भिजत नाही. मग बगल आणि कुशी शिवा.

बटणपट्टी : लांब गोल सुईवर उजवा काठ, गळा आणि डावा काठ असे सलग टाके उचला. ८ ओळी एक सुलट, एक उलट विणा. चौथ्या ओळीत उजव्या बाजूला पाच काजं करा. त्यासाठीही दोरा पुढे घेऊन दोन टाके एकत्र. बटणं धातूची नकोत. खाऱ्या हवेत ती गंजतात आणि सुतावरचा गंजाचा डाग सहसा जात नाही. करवंटीची किंवा लाकडाची बटणं शोभतात आणि टिकतात.

धुतल्यावर पिळू नका, दोरीवर टांगू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट पसरा. पावसाळ्याआधी पूर्ण वाळवूनच ठेवा.

रोज तासभर बसलात तर दीड-दोन महिने लागतील. गणपतीनंतर टाके घातले तर थंडीच्या आत बटणं लागतील. घरात कुणी विचारलं, "कुणासाठी चाललंय?" तर बेलाशक सांगा, "माझ्यासाठी."