रुचिभेद आणि निवडीचे गणित

भिलाई येथील पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि पोलादाबरोबर अनेक भारतीय भाषा त्या वसाहतीत एकत्र आल्या. तेथील मराठी घर नागपूरचे मराठी दैनिक घेईल की हिंदी, हा प्रश्न वाङ्मयाचा अभ्यासक सहसा संख्याशास्त्राकडे सोपविणार नाही. तथापि अशाच प्रश्नांसाठी अर्थशास्त्रात पृथक् पर्यायांतील निवडीची मीमांसा घडली. डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७४ मध्ये तिला आजचे रूप दिले. तीनुसार पर्यायाच्या उपयोगितेचा एक अंश किंमत, भाषा अशा दृश्य गुणांचा, तर दुसरा संशोधकाला अगोचर असतो. म्हणून निवड निश्चित न सांगता तिची संभाव्यता सांगावयाची.

या मांडणीच्या साध्या रूपात एक वैगुण्य आहे. मराठी व हिंदी दैनिकाची संभाव्यता निम्मी-निम्मी असताना पहिल्यासारखेच दुसरे हिंदी दैनिक आले, तर हे गणित तिघांना समान तृतीयांश देते. वस्तुतः नवे पत्र हिंदीचाच वाटा खाईल. हा आक्षेप जेरार दब्रू यांनी १९६० मध्येच घेतला होता, आणि तोही संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचे उदाहरण देऊन!

याहून गंभीर प्रश्न रुचिभेदाचा. एखाद्या ग्रंथालयाचे वीस वाचक कल्पावेत: दहांना मराठीची तीव्र ओढ, दहांना तेवढीच अनास्था. सरासरी शून्य. भाषेला महत्त्वच नाही असे मानून मराठीचे कपाट हलविले, तर दहा वाचकांचे नुकसान हिशेबात दिसतच नाही. मिश्र लॉजिट पद्धतीत म्हणून गुणांचे वजन सर्वांना एकच न धरता व्यक्तिपरत्वे बदलणारे धरतात. एकाच वाचकाच्या अनेक निवडी उपलब्ध असल्या, तर स्थायी रुची आणि प्रासंगिक लहर यांचा विवेक अधिक विश्वासाने करता येतो.

मात्र रुचीच्या विभाजनाचा आकार बहुधा संशोधकच आधी ठरवितो. येथे घंटाकार वक्र गृहीत धरला, तर बहुसंख्य वाचक मध्यभागी, म्हणजे जेथे कोणीच नाही तेथे, उभे केले जातील. अशा वेळी सुप्त वर्गांची पद्धती अधिक प्रामाणिक ठरते. ती दोन गट दाखवील. पण त्यांपैकी एक गट भिलाईतच जन्मून हिंदीत शिकलेल्या पिढीचा आहे काय, हे त्या घरांतील बोलणे ऐकूनच ठरवावे लागेल.