हॉर्निमन सर्कलची बाग

धाराशिवहून लातूर एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरणाऱ्या आपल्या माणसांची मुंबईतली ठिकाणे ठरलेली असतात: हज हाऊस, जे. जे. रुग्णालय, मोहम्मद अली रोड. काम दुपारी उरकते आणि परतीची गाडी रात्रीची असते. मधले तास काढायचे कुठे? बरोबर बायका-मुले, म्हातारी अम्मी असली की हा प्रश्न मोठा होतो. हॉटेलात चहा संपला की उठावे लागते, फलाटावर बसून पाठ अवघडते.

अशा वेळी स्टेशनापासून पंधरा-वीस मिनिटे दक्षिणेला चालत जावे. फोर्टमध्ये बँका, कचेऱ्या आणि टॅक्सींच्या गर्दीत एक गोल बाग आहे. भोवती लोखंडी कठडा, आत जुनी झाडे, आणि बाहेर एकसारख्या कमानींच्या इमारतींचे कडे. फाटक बंद असेल तर पूर्वेला टाऊन हॉलच्या रुंद पायऱ्या आहेतच.

ही जागा पूर्वी ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणून ओळखली जाई. मोकळ्या मैदानात कापसाच्या गाठी पडलेल्या असत. पुढे पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांच्या कल्पनेतून भोवतीच्या इमारती आणि मधली बाग उभी राहिली. 1872 च्या सुमारास ते काम पुरे झाले आणि गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे नाव तिला मिळाले.

स्वातंत्र्यानंतर ते नाव बदलले. (2023 पासून आपल्या जिल्ह्यालाही नाव बदलणे ठाऊक झाले आहे, पोस्टाच्या पाकिटावर अजून हात ‘उस्मानाबाद’च लिहून जातो.) गंमत अशी की एका इंग्रजाच्या जागी दुसऱ्या इंग्रजाचेच नाव आले. बेंजामिन हॉर्निमन हे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक. पंजाबातल्या अत्याचारांविरुद्ध आपल्याच सरकारला त्यांनी जाब विचारला, म्हणून 1919 साली सरकारने त्यांना हिंदुस्थानातून बाहेर काढले. ते परतले 1926 साली.

त्याच वृत्तपत्राची गादी 1924 पासून सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनी सांभाळली, ती 1949 साली इंतकाल होईपर्यंत. हे नाव आपल्या घरांत फारसे कुणाला आठवत नाही, याची मला खंत वाटते. राष्ट्रीय चळवळीसाठी ब्रेलवी तुरुंगात गेले. फाळणीची भाषा जोरात असताना एका मुस्लिम संपादकाला दोन्हीकडून बोल ऐकणे चुकत नव्हते, तरी त्यांनी आपली बाजू सोडली नाही. फोर्टमधल्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. पाटी वाचायला क्षणभर थांबावे आणि मुलांना त्यांच्याविषयी सांगावे.

आपल्या तालुक्याच्या गावांत एसटी स्टँड सोडला तर बुरख्यातल्या बाईला चार घटका निवांत बसायला सार्वजनिक जागा कुठे आहे? झाड लावणाऱ्याला त्याची फळे माणसाने, पाखराने, जनावराने खाल्ली तरी सदक्याचा सवाब मिळतो, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. सावलीचाही हिशेब त्यात धरायला हरकत नसावी. नगरपालिकेकडे गटार-दिव्यांचे अर्ज जातात. त्यांच्यासोबत एक अर्ज कठडा, चार बाक आणि स्वच्छ प्रसाधनगृह असलेल्या छोट्या बागेसाठीही जाऊ द्यावा.

तोवर मुंबईला जाताना डब्यात चपात्या, पाण्याची बाटली आणि अम्मींसाठी एक चादर घ्यावी. असरनंतर उन्हाचा ताव उतरतो आणि कचेऱ्या सुटेपर्यंत तिथे बरीच शांतता असते.